नवशिक्यांसाठी: खाडीकाठच्या लग्नाचे फोटो

तुम्ही कॅमेरा घेतला आहे. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. मावशीने घरच्या ग्रुपवर तुम्ही काढलेला सूर्यास्त टाकला, त्यावर एकवीस अंगठे आले, आणि त्याच रात्री लांबच्या एका काकांचा फोन आला. "अरे, चैत्रात रेवदंड्याला लग्न आहे. आपलाच जुना वाडा, खाडीच्या अगदी काठावर. फोटोंचं तेवढं तू बघ. घरचंच आहे."

'घरचंच आहे' याचा अर्थ पैसे मिळणार नाहीत, हे या विद्येतलं पहिलं तांत्रिक ज्ञान. बाकीचं खाली देतो आहे.

साहित्य

दोन कॅमेरे, चार बॅटऱ्या, भरपूर कार्डं, फ्लॅश, पुसायला मऊ फडकं. ही यादी कुठलाही दुकानदार देईल आणि सोबत बिलही देईल. दुकानदार सांगत नाही ते असं: डझनभर सेफ्टी पिना (नवरीच्या शालूला ऐन वेळी एक लागतेच, आणि ती ज्याच्या खिशातून निघते त्याला पुढचे दोन दिवस घरात मान असतो), एक जुना पंचा, डासांचं मलम आणि थोडी खडीसाखर. रात्री कॅमेरा एसीच्या खोलीत ठेवू नका. सकाळी तो किनाऱ्याच्या दमट हवेत बाहेर काढलात की काचेवर वाफ धरते. घाणा भरण्याचा विधी धुक्यात झाल्यासारखा दिसतो आणि लोक विचारतात, चैत्रात धुकं कुठून आलं?

पण सगळ्यात महत्त्वाचं उपकरण तुमच्या पिशवीत नसून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेलं असतं. कालनिर्णय. १९७३ पासून मराठी घरं दूधवाल्याचा हिशेब, एकादशी आणि गॅस सिलिंडरची तारीख त्यावरच पाहत आली आहेत. फोटोग्राफरने त्यात तिथी पाहायची असते. फोनमधलं सूर्यास्ताची वेळ सांगणारं अ‍ॅप ठेवा, नाही म्हणत नाही. पण खाडीकाठी त्याने निम्मंच काम होतं. सूर्य न चुकता येतो, पाण्याचं तसं नाही.

मला हे ठाऊक नव्हतं. माझं पहिलं लग्न (म्हणजे मी टिपलेलं) रेवदंड्यालाच, अशाच एका वाड्यात, चैत्र वद्य प्रतिपदेला होतं. आदल्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला जागा पाहायला गेलो. कुंडलिकेची खाडी काठोकाठ भरलेली, वाड्याच्या मागच्या पायऱ्या तीन-तीन पाण्यात, माडांचं प्रतिबिंब, होडी हलकेच डुलते आहे. तिथेच ठरवलं: उद्या सूर्यास्ताला नवरानवरीला या पायरीवर बसवायचं. पायरीवर खडूने खूणसुद्धा केली.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला दोघांना घेऊन पायऱ्यांशी आलो तर खाडी नव्हती. एक लांबरुंद, चकचकीत, काळा चिखल होता. होडी कुशीवर निजली होती. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या आणि जो वास येत होता तो, सुदैवाने, फोटोत येत नाही. जरा पुढे खडकांवर एक कोळीण बाई कोयत्याने कालवं फोडत बसली होती. तिने शालू पाहिला, शेरवानी पाहिली, माझा कॅमेरा पाहिला. मग मलाच म्हणाली, "दुपारचे येवाचा व्हता ना. तवा पानी व्हता."

पुढची पाच मिनिटं तिने मला जे शिकवलं ते कुठल्याही फोटोग्राफीच्या वर्गात मिळत नाही. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. प्रतिपदेला पाऊण वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पुनवेला आणि अवसेला बाराच्या आगेमागे. दिवसा तशी रात्री. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं. पण लग्नात मिनिटांचा हिशेब एकट्या मुहूर्ताचा असतो, त्यामुळे फोटोला एवढं पुरतं.

आता तुम्ही हुशार आहात, म्हणून लगेच उलटा हिशेब कराल. चैत्रात सूर्यास्त पावणेसात-सातच्या दरम्यान. त्या वेळी भरलेली खाडी हवी तर तिथी कोणती? पावणेसातला पाऊणपटीने उलटं केलं की येते नवमी. शाबास. ही नवमी घेऊन गुरुजींकडे जा. ते तुम्हाला सांगतील की चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी या रिक्ता तिथी, मंगलकार्याला वर्ज्य. मग तुम्ही अष्टमी सुचवाल. अष्टमीला सहाला भरती, पाणी भांगाचं, म्हणजे फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, फोटोला उत्तम. तोवर वधूपित्याने हॉलवाला, आचारी आणि बँडवाला यांना ॲडव्हान्स देऊन तारीख पक्की केलेली असते. तुम्हाला तारीख कळते ती पत्रिका छापून झाल्यावर.

तेव्हा नियम असा: पाणी दुपारी असेल तर पाण्याचे फोटो दुपारी काढा आणि संध्याकाळी खाडीकडे पाठ करा. हे लिहायला एक ओळ लागते. मला समजायला एक आख्खं लग्न लागलं.

पोचणे

मुंबईकरांनी वडखळच्या नाक्यावरच्या कोंडीचा विचार करून निघावं, किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो धरावी. गाडीसकट जाता येतं. मांडव्याहून अलिबाग, अलिबागहून नागाव-चौलवरून रेवदंडा. अलिबाग ओलांडताना गाडीतलं कुणीतरी 'अलिबागसे आया है क्या' हा विनोद करतंच. त्याला सांगा की हे वाक्य थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. त्यावर बंदी मागणारी याचिका न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली, म्हणून विनोद अजून कायदेशीर आहे. चांगला मात्र झालेला नाही.

रेवदंडा हे गाव पोर्तुगीज तटबंदीच्या पोटात वसलेलं आहे. तटातून रस्ता आत शिरतो आणि पुढे वाड्याच वाड्या. इथे 'वाडी' म्हणजे माड, पोफळी, मध्ये घर, मागे विहीर. पाहुण्याला पत्ता सांगताना लोक एकीकडे पडक्या चर्चची, दुसरीकडे मारुतीच्या देवळाची खूण देतात. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमाराला या चौल बंदरात उतरला. त्याने लिहून ठेवलंय की तो जाईल तिथे माणसं त्याला बघायला मागे यायची. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. दोन कॅमेरे गळ्यात अडकवून गावातून एक फेरी मारा, त्याला काय वाटलं असेल ते नेमकं कळेल. फरक इतकाच की निकितीनला कुणी 'माझा एक पासपोर्ट साइज काढ ना' म्हटलं नसावं.

वाडा

पत्रिकेत 'ऐतिहासिक वास्तू' छापलेलं असतं. घरातली माणसं त्याला नुसतं 'घर' म्हणतात आणि कौलं गळतात म्हणून वैतागलेली असतात. जोतं दगडी, पुढे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, आणि मागे परसातून खाडीकडे उतरणाऱ्या पायऱ्या. अंगणात तुळशीवृंदावन, नुकतंच चुना मारलेलं.

इथे नवशिका धावतो तो थेट पोफळीच्या बागेत. जाऊ नका. पोफळीखाली पडणारे कवडसे कवितेत छान वाटतात. नवरीच्या नाकावर एक, कपाळावर दोन आणि नवऱ्याच्या उजव्या डोळ्यावर एक असे पडले की दोघं कसल्याशा साथीतून उठल्यासारखी दिसतात. शिवाय आंब्यावर ओंबिलांची (तांबड्या मुंग्यांची) पानं शिवलेली घरटी असतात. त्यांना लग्नाचं निमंत्रण लागत नाही. माडाखाली कुणाला बसवताना घरचा म्हातारा म्हणेल, बिनधास्त बसा, नारळाला डोळे असतात, तो माणसाच्या डोक्यात पडत नाही. मान्य. पण झावळीला डोळे असल्याचं कुणी कधी म्हटलेलं नाही.

तुमची जागा पडवी. पडवीच्या कडेला, सावलीत, अंगणाकडे तोंड करून बसवा. दुपारी बारा वाजता, जेव्हा बाहेर डोळे उघडवत नाहीत, तेव्हा शेणाने सारवलेल्या अंगणावरून आणि वृंदावनाच्या पांढऱ्या चुन्यावरून जो प्रकाश परत येतो तो चेहऱ्यावर खालून, मऊ, किंचित ऊबदार पडतो. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली जातात. मुंबईच्या स्टुडिओत असा प्रकाश उभा करायला दोन माणसं आणि चार छत्र्या लागतात. मी एकदा या पडवीत नवरीच्या आजीचा फोटो काढला. ती वालाच्या शेंगा सोलत होती, लग्नाशी तिचा जणू काही संबंधच नव्हता. तिच्या हातावरची प्रत्येक शीर दिसत होती आणि तरी चेहरा कोवळा. घरच्यांना तो फोटो फार आवडला. आजीला नाही. "दात नाही घातले होते," म्हणाली.

ओटीच्या भिंतीवर जुने ग्रुप फोटो असतात. फोटो काढण्याआधी ते दहा मिनिटं बघा. पुरुष खुर्च्यांवर, काठीवर हात, कुणी हसत नाही, आणि पुढच्या रांगेत एक पोर हललेलं, चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. काच उघडी राहायची तेवढा वेळ सगळ्यांनी श्वास रोखलेला, एका पोराने नाही. चार पिढ्यांनंतर घरात त्या पोराचं नाव कुणाला सांगता येत नाही, पण 'तो हललेला' म्हणून सगळे त्याला ओळखतात. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा भाऊ दाजींचे बंधू डॉक्टर नारायण दाजी तिच्यात होते. म्हणजे मराठी माणूस हे यंत्र पावणेदोनशे वर्षं हाताळतो आहे. तरी आजही ग्रुप फोटोत एक पोर हलतंच.

वाडीबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे, मग पुन्हा चेष्टा सुरू करू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळी तर काड्यांसारख्या मोडल्या. बाहेरून आलेला फोटोग्राफर अंगणात उभा राहून म्हणतो, वा, काय मोकळा प्रकाश आहे! मी म्हटलं होतं. घरमालक काही बोलले नाहीत. मग त्यांनी बोट दाखवत मोजून दाखवलं: इथे माड होता, इथे होता, इथे दोन. पोफळ लावल्यापासून हाताशी सुपारी यायला पाच-सात वर्षं जातात, माडाचंही फार वेगळं नाही. तेव्हा अंगणातल्या मोकळ्या प्रकाशाचं कौतुक मोठ्याने करू नका. एक्सपोजर कमी करा आणि गप्प राहा.

मागे काय दिसतं

वसंत म्हणजे काय, हे डेकोरेटरने आधीच ठरवलेलं असतं. तो मुंबईहून बर्फाच्या खोक्यातून ऑर्किड आणतो. अंगणाबाहेर पांगारा लालभडक पेटलेला असतो, आंब्याला कैऱ्या लोंबत असतात, गल्लीत सोनचाफ्याचा वास येतो, आणि पडवीच्या आढ्याला आजीने पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या असतात. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, मार्च-एप्रिलमध्ये तो रस्त्याकडेला माळा लावून विकतात. डेकोरेटर म्हणतो, हे कांदे काढा, थीममध्ये बसत नाहीत. तुम्ही हळूच आजीच्या बाजूने मत द्या. ऑर्किड दुपारी दोनला माना टाकतात. कांदा पावसाळ्यापर्यंत टिकतो.

खाडीपल्याड पाहिलंत तर उजव्या हाताला, मुखाशी, कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला दिसेल, त्यावर किल्ला, पायथ्याशी दीपगृह. कोर्लई गावात अजून पोर्तुगीजमधून निपजलेली एक बोली घराघरांत बोलतात. समोर डाव्या बाजूला साळावचा पूल आणि कारखाना: धुराडी, जेट्टी, बार्ज.

साहजिकच मी शिकवायला निघालो होतो की कोर्लईकडे तोंड करा आणि साळाव चौकटीबाहेर ठेवा. ऐतिहासिक वाडा, ऐतिहासिक किल्ला, मध्ये पाणी, धुराडं कशाला? माझ्या त्या पहिल्याच लग्नात नवरीचे वडील माझ्या मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, "जरा डावीकडे घे की. आमची कंपनी येऊ दे." पंचवीस वर्षं ते रोज पूल ओलांडून तिथे शिफ्टला गेले होते. वाड्याचं मोडकं आढं, नवी मंगलोरी कौलं, मुलीचं इंजिनियरिंग आणि आजचा मांडव, सगळं त्या धुराड्याच्या पगारातून. वाडीच्या उत्पन्नावर वाडा कधीच उभा राहिला नसता. इकडच्या बहुतेक वाड्यांचं तेच आहे, कुठे कारखाना, कुठे मुंबईची नोकरी, कुठे आखातातली. मी डावीकडे घेतलं. धुराडं नवरीच्या बरोबर डोक्यातून उगवलं, म्हणून तिला दोन पावलं सरकवलं. फोटो पुस्तकी नियमाने वाईट आहे. मी त्याच्याबद्दल वाद घालणार नाही.

प्रीवेडिंग

यावर फार बोलण्यासारखं नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, तेव्हा वरची पाऊणपट इथेही लागू. परतायची वेळ चुकली तर जोडपं किल्ल्यात आणि गाडी किनाऱ्यावर. किल्ला संरक्षित स्मारक आहे, धंद्याच्या शूटिंगला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मुरुडचा नवाबाचा राजवाडा १८८५ चा आणि खासगी मालकीचा. रस्त्यावरून बघा, फाटकावरच्या माणसाशी वाद घालू नका.

ड्रोनबद्दल: २०२१ च्या ड्रोन नियमांत अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या खेळण्याला बऱ्यापैकी मोकळीक आहे, त्यावरच्याला नोंदणी लागते, आणि कुठे उडवायचा नाही त्याचा नकाशा सरकारने दिलेला आहे. घारींना हा नकाशा माहीत नाही. त्या ड्रोनला घुसखोर समजतात आणि त्यांच्या जागी मीही तेच समजलो असतो.

विधी, आणि तुम्ही कुठे उभं राहायचं

आदल्या संध्याकाळी गुरुजींना भेटा. नमस्कार करा, चहा द्या आणि एकच प्रश्न विचारा: मंगलाष्टकं कोण कोण म्हणणार आहे? उत्तर साधारण असं येतं: गुरुजी स्वतः, मुलाची आत्या, मुलीची काकू, आणि पुण्याहून येणारे एक गृहस्थ, ज्यांनी स्वतः रचलेली आणली आहेत. स्वतः रचलेल्यांत दोन्ही घराण्यांची सगळी नावं गुंफलेली असतात. या काळात अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखू लागतात आणि पाट एका बाजूने उतरतो. तो उतरू देऊ नका असं सांगणं तुमचं काम नाही. पण त्या उतरलेल्या कोपऱ्यातून नवरा जे डोकावून बघतो ते टिपणं तुमचंच काम आहे.

उभं राहायचं ते अंतरपाटाच्या कडेला, पाटाच्या रेषेत, म्हणजे एकीकडे ती, दुसरीकडे तो आणि मध्ये पाटाची नुसती धार दिसते. गुरुजींच्या मागे उभे राहिलात तर लग्न गुरुजींच्या शेंडीचं होतं. ही जागा अर्धा तास आधी धरा. धरलीत तरी शेवटच्या क्षणी तुमच्या आणि नवरीच्या मध्ये एक मोबाइल वर येतो. मोबाइलखाली हात, हाताखाली मामा. त्यांना बाजूला व्हा म्हणू नका, लग्नात मामाचा मान असतो. त्याऐवजी आधीच त्यांच्या दोन्ही हातांत अक्षतांचं ताट द्या आणि सांगा की हे सगळ्यांना वाटायची जबाबदारी तुमची. ताट धरलेल्या माणसाला मोबाइल धरता येत नाही. ही युक्ती मी कुणाला फुकट सांगत नाही, पण तुम्ही नवशिके आहात.

शेवटच्या मंगलाष्टकाला गुरुजींचा आवाज चढतो, वाजंत्रीवाले पिपाण्या तोंडाशी नेतात. बँडवाल्याकडे बघत राहा, गुरुजींकडे नको. त्याला नेमकं कळलेलं असतं. अक्षता पडतात त्या लेन्सवर, कॅमेऱ्याच्या फटीत, तुमच्या कॉलरमध्ये. माझ्या पिशवीच्या तळाशी हळदीचा एक तांदूळ अजून आहे. कुठल्या लग्नाचा ते सांगता येत नाही.

त्यानंतर दोन क्षण सोडू नका. एक कानपिळी: नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. भाऊ जोरात पिळतो की हळू, त्यावरून पुढच्या वीस वर्षांचं बरंच कळतं, पण तो तुमचा विषय नव्हे. दुसरं सूनमुख. सासू आरशात सुनेचा चेहरा बघते. आरशात दोघींचे चेहरे येतील असा कोन शोधा, तुमचं डोकं येईल असा नको. पहिल्या लग्नात माझं आलं. अल्बमच्या त्या पानावर सासू, सून आणि मी असे तिघं आहोत.

आणि हो, याच किनाऱ्यावर आगरी-कोळी घरातलं लग्न मिळालं तर वरची निम्मी विद्या बाजूला ठेवा. तिथे मांडव, हळद, लग्न असा तीन दिवसांचा मामला. हळदीची रात्र लग्नाहून मोठी. धवलारीण बायका धवले गातात आणि त्या गाण्यावर विधी पुढे सरकतात. तेव्हा वेळ बघायची ती त्यांच्या तोंडाकडे बघून, घड्याळाकडे नाही. त्या म्हाताऱ्यांचे चेहरे मन लावून टिपा. हे गाणाऱ्या आता गावोगाव कमी होत चालल्या आहेत आणि डीजेच्या भिंतीपुढे त्यांचा आवाज ऐकू येण्यासाठी कान द्यावा लागतो. प्रकाशाचं म्हणाल तर चेहऱ्यावर हळद, वर गुलाबी मांडव, बाजूला फिरणारे निळे दिवे. फ्लॅश छताकडे मारलात की गुलाबी होऊन परत येतो आणि अख्खं वऱ्हाड जांभळं दिसतं. थेट मारा आणि देवाचं नाव घ्या.

पंगत

पहिल्या पंगतीला बसा. कुणी काहीही म्हणो.

कारण सांगतो. यजमान म्हणतात, "तुम्ही घरचेच, नंतर निवांत बसू." निवांत बसाल तेव्हा मसालेभाताची खरवड, आटलेला मठ्ठा आणि एक तुटकी जिलबी उरलेली असते. आणि नेमकं तुम्ही पहिला घास घेता तेव्हाच विहिणीच्या पंगतीत उखाणे सुरू होतात आणि माजघरातून हाक येते, "फोटोवाला कुठाय?"

नंतर

दोन हजार फोटो निघतात. तुम्ही त्यातले साठ निवडता: पडवीतला प्रकाश, तिरपा अंतरपाट, आरसा, कोर्लईवरचा शेवटचा उजेड. घरचे त्यातले अकरा ठेवतात आणि उरलेले स्वतः शोधतात. शोधण्याचा निकष एकच असतो, कोण कोण आलंय. सुरतेच्या आत्या आहेत का, मुलाकडचे ते उंच गृहस्थ आहेत का, भांडण मिटून आलेला चुलतभाऊ दिसतो का. चुलतभाऊ तुमच्याकडे एकाच फोटोत असतो, तोही पाठमोरा, आणि नेमका तो फोटो मोठा करून हवा असतो.

त्या वाड्याच्या ओटीवर, 'हललेल्या' पोराच्या शेजारी, आता नवी चौकट लागली आहे. दुपारी पाऊण वाजताचा फोटो. पडवीत सगळी माणसं, वर कांद्याच्या वेण्या, माजघराच्या उघड्या दारांतून मागे भरलेली खाडी, पलीकडे धुराडं. मी काढलेला नाही. जेवणाआधी हात धुवायला उठलेल्या नवरीच्या आतेभावाने फोनवर काढला. पाणी तेव्हाच होतं ना.

तुम्हाला यंदा कुठलं लग्न मिळालं असेल आणि मला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. फक्त तारीख सांगू नका, तिथी सांगा.